नाव घेणं

लहानपणी मला वाटायचं आमच्या घरात रात्री वेगळीच बाई येते.

दिवसा आई बाबांचं नाव कधीच घ्यायची नाही. रेशनच्या दुकानात, शाळेच्या फॉर्मवर, गॅसच्या एजन्सीत कुणी विचारलं की ती मला पुढे करायची, सांग वं बाबाचं नाव. लग्नाकार्यात बायका उखाण्यासाठी मागे लागल्या की ती स्वयंपाकघरात पळायची, आणि अगदीच धरून आणलं तर दोन ओळी पुटपुटून नाव असं काही गिळायची की शेजारच्या बाईलाही ऐकू जायचं नाही. आणि मग रात्री दोन-अडीचला कधीतरी मला जाग यायची तेव्हा भिंतीपलीकडून तिचाच आवाज यायचा, खणखणीत, बाबांचं नाव घेणारा. नुसतं नाव, ना अहो ना काही, तीनदा चारदा. मग, "नागपूर आहे हे. इंदोरा. तुम्ही घरी आहे." मग तारीख आणि वार. मग पुन्हा नाव.

मी पाच-सहा वर्षांची असेन. मला वाटायचं आई बाबांवर चिडली आहे.

बाबा फौजेत होते. पलटण कोणती ते इथे लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही, आणि त्यांचं नावही लिहीत नाही. 1987 च्या शेवटी ते श्रीलंकेला गेले. त्या वर्षी 29 जुलैला भारत आणि श्रीलंकेचा करार झाला, आपली फौज तिकडे गेली ती शांतीसेना म्हणून, आणि ऑक्टोबरमध्ये त्याच फौजेला जाफन्यात एलटीटीईशी, म्हणजे तिथल्या तामिळ बंडखोरांशी, लढावं लागलं. बायकांना इकडे शेवटपर्यंत कळलंच नाही की हे युद्ध आहे की काय आहे. आजीने गल्लीत सांगून ठेवलेलं, पोरगा शांती करायला गेलाय. पत्र यायचं 56 एपीओच्या, म्हणजे फौजेच्या टपालाच्या, पत्त्यावरून, त्यात सगळं ठीक आहे, हवा दमट आहे, नारळ भरपूर आहेत, मुलीला सांभाळ. एवढंच. आई सांगते की ती पत्रं ती इतक्या वेळा वाचायची की घडीवर कागद फाटायचा, पण त्यात वाचायला काही नसायचंच.

तिकडे आपले सुमारे 1200 जवान मारले गेले. 25 नोव्हेंबर 1987 ला मेजर रामस्वामी परमेश्वरन गेले, 8 महारचे, त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं, आणि महार रेजिमेंट म्हटल्यावर आमच्या इंदोऱ्यात हे नाव ठाऊक असणारच. पण बाकीच्यांचं काय. मार्च 1990 मध्ये शेवटची तुकडी जहाजाने मद्रासला उतरली तेव्हा तिथले मुख्यमंत्री स्वागतालासुद्धा गेले नाहीत. ज्या लढाईचं नावच लोकांना नीट माहीत नाही, तिथून परत आलेल्या माणसाच्या बायकोने कुणाला काय सांगायचं? बाबा तर त्याच्या आधीच आलेले, ट्रेनने, एक ट्रंक आणि होल्डॉल घेऊन, स्टेशनवरून सायकलरिक्षाने. ढोल नाही, हार नाही. आजीने भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि बाबा आत आले.

पण आईला खरं काय ते त्याच्या आधीच कळलं होतं, 1988 च्या मे महिन्यातल्या सुट्टीत. नागपूरचा मे, रात्री अकरालाही भिंती तापलेल्या, कूलरचा घरघर आवाज, वाळ्याचा वास. बाबा झोपेत बोलून राहिले होते, घाम फुटला होता, म्हणून तिने उठवायला खांद्यावर हात ठेवला, कुणीही ठेवेल तसा. पुढच्या क्षणी त्यांचा हात तिच्या गळ्यावर होता. तीन-चार सेकंद असतील, ती म्हणते, पण त्या वेळात तिला पंख्याची तिन्ही पाती वेगवेगळी दिसली. मग त्यांचे डोळे बदलले, त्यांनी हात काढला, आणि ते भिंतीला टेकून सकाळपर्यंत तसेच बसून राहिले. ती पण बसली. दोघं एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी भर उन्हात तिने गळ्याभोवती पदर लपेटून घेतला, शेजारणीने विचारलं तर म्हणाली घामोळं आलं आहे.

आजीला तिने सांगितलं होतं. आजी म्हणाली, सांभाळून घे.

हे दोन शब्द आपल्याकडे किती सहज दिले जातात ना. नवरा चिडका आहे, सांभाळून घे. पितो, सांभाळून घे. लढाईवरून आला, रात्री ओरडतो, सांभाळून घे. आणि आईने घेतलं, अक्षरशः घेतलं, एवढं मन लावून की पंधरा-सोळा वर्षांत आमचं घर कसं कसं बदलत गेलं ते आम्हाला राहणाऱ्यांनाही कळलं नाही.

कुकरपासून सुरुवात झाली. शिट्टी वाजली की बाबा ताडकन उठायचे, एकदा ताट उलटलं. मग आई कुकरजवळ उभी राहायला लागली, शिट्टी व्हायच्या बरोब्बर आधी चिमट्याने वजन उचलायचं, वाफ सोडायची. मग तिने कुकरच बंद केला. आमची तुरीची डाळ पातेल्यात शिजायची, तास-तास, मला वाटायचं आई जुन्या पद्धतीची आहे, डाळीला चव येते म्हणून करते. मग फुगे बंद, भावाचा वाढदिवस बिनफुग्यांचा. दिवाळीचे चार दिवस आम्ही मामाकडे काटोलच्या पुढे खेड्यात जायचो, कारण शहरात लडी लागतात. दार जोरात आपटायचं नाही. बाबांच्या पाठीमागून जायचं नाही. बाबा जेवताना दाराकडे तोंड करून बसणार, ती जागा कुणी घ्यायची नाही. रस्त्यावर पडलेली वस्तू उचलायची नाही, चेंडू असो, पेन असो, चार आण्याचं नाणं असो. एकदा मी पडलेला बॉलपेन उचलला आणि बाबांनी हातावर अशी थाप मारली की तो नालीत गेला, आणि मग त्यांनीच मला उचलून घट्ट धरून ठेवलं, मला काहीच कळेना. तिकडे रस्त्यात, घरांत, कशातही सुरुंग पेरून ठेवलेले असायचे हे मला खूप नंतर समजलं.

आणि चालणं. हे मी कुणाला सांगितलं तर पटत नाही. बाबा डांबरी रस्त्यावर ठीक चालायचे, पण कच्च्या मातीवर पाऊल टाकताना थांबायचे. आमच्याकडे मैदानातून शॉर्टकट होता, मुरमाचा, पावसाळ्यात गवत वाढलेलं. तिथे आई पुढे व्हायची. काही न बोलता, पिशवी या हातातून त्या हातात घेत, जणू सहज. ती चालायची आणि बाबा बरोबर तिच्या पावलांवर पाऊल टाकत मागून यायचे. त्या काळात आमच्या वस्तीत नवरा पुढे आणि बायको चार पावलं मागे हीच रीत होती, त्यामुळे लोक हसायचे, बायको पुढं आन फौजी मागं. आई ऐकायची, काही म्हणायची नाही. मला आता ते आठवलं की पोटात कालवतं, की ती रोज बाजारात जाताना त्यांच्यासाठी त्या जमिनीवर आधी पाय ठेवत होती. तिथे सुरुंग नव्हता हे तिला माहीत होतं. त्यांना माहीत नव्हतं. आणि त्यांनी तिला पुढे जाऊ दिलं याची लाज त्यांना किती वर्षं होती, तेही मला नंतरच कळलं.

दवाखान्याचं कुणी नाव काढलं नाही कारण नागपुरात ते नाव म्हणजे पागलखाना. कोराडी रोडवरचं मनोरुग्णालय इंग्रजांच्या काळातलं, 1864 चं, आणि त्याच्यावरून चौकालाच पागलखाना चौक म्हणतात, सिटी बसचा कंडक्टरसुद्धा तसाच ओरडायचा. आमच्या घरापासून काही लांब नाही. त्या फाटकातून नवऱ्याला आत नेणं म्हणजे पोरांचं लग्न विसरा. शिवाय नोकरी चालू असताना सगळे घाबरायचे ते मेडिकल कॅटेगरीला. फौजेत माणसाची तब्येत शेप नावाच्या मोजपट्टीवर मोजतात आणि त्यातलं पहिलंच अक्षर मनाच्या तब्येतीचं. ते खाली गेलं की प्रमोशनचं काय, कोर्सचं काय. म्हणून बाबा गप्प, बाबा गप्प म्हणून आई गप्प.

आजी मात्र त्यांना ताजबागला, ताजुद्दीन बाबांच्या दर्ग्याला, घेऊन गेली. 1956 च्या दीक्षेला ती स्वतः दीक्षाभूमीवर होती, पण ताजुद्दीन बाबांवर तिचा विश्वास तो विश्वास, नागपुरात त्याला जातधर्म नाही. मला हे फार पुढे कळलं की कामठीत जन्मलेले ताजुद्दीन बाबाही तरुणपणी फौजेत होते असं त्यांच्या चरित्रात सांगतात, फौज सुटली, लोक वेडा म्हणायला लागले, आणि 1892 मध्ये त्यांना ह्याच पागलखान्यात टाकलं, तिथून 1908 साली राजे रघुजीराव भोसल्यांनी सोडवून नेलं. मला यातून काही सिद्ध करायचं नाहीये, संताला मी आजार चिकटवत नाहीये. पण आजी बिचारी बरोबर माणसाकडे गेली असं मला वाटतं. तिथे बाबा दोन तास शांत बसले होते. कुणी विचारलं नाही काय झालं.

सगळ्या बायका आईसारख्या नव्हत्या, आणि हे सांगितलंच पाहिजे. बाबांच्याच पलटणीतले एक काका कामठीकडे राहायचे. ते कॅन्टीनच्या रमवर जगायचे आणि मारायचे. त्यांच्या बायकोने दोन वर्षं काढली आणि मग एके दिवशी मुलं घेऊन माहेरी अमरावतीला निघून गेली, ती गेलीच. लोकांनी तिला काय काय नाही म्हटलं, देशासाठी लढलेल्या माणसाला टाकलं म्हणाले. आई तिला भेटायला अमरावतीला गेली होती, साडी घेऊन. परत आल्यावर आजीने विचारलं काय सांगितलं तिले, तर आई म्हणाली, "काय सांगू? बरं केलं म्हटलं." आईने आयुष्यात दुसऱ्या बाईला सांभाळून घे म्हटलेलं मी ऐकलं नाही. आणखी एक काकू होत्या, त्या भांडायच्या, कडाकडा, सगळ्या गल्लीसमोर, आणि त्यांचा नवरा त्या भांडणातच जरा जिवंत वाटायचा. तिन्ही घरांत दुखणं एकच होतं आणि तिन्ही बायकांना कुणी काहीच सांगितलेलं नव्हतं, त्यांनी आपापल्या स्वभावानं जे सुचलं ते केलं.

1999 चं कारगिल आलं तेव्हा घरात टीव्ही होता. पहिल्यांदाच लोकांनी लढाई घरात बसून पाहिली, तोलोलिंग, टायगर हिल, नावं पोरांना पाठ. चौकाचौकात बॅनर. बाबा बातम्या सुरू झाल्या की उठून गच्चीवर जायचे. एकदा मी मागे गेले तर म्हणाले, यांच्या घरच्यांना आता सगळं दिसतं ना. बस, एवढंच. चांगलं की वाईट ते काही बोलले नाहीत.

मग 2008 मध्ये आईच खचली. बाबा नाही, आई. झोप नाही, छातीत धडधड, कुकर नसतानाही कुकरच्या शिट्टीची वाट पाहत असल्यासारखे कान टवकारलेले, स्वतः दारात उभी राहून रस्ता न्याहाळायची. डॉक्टरांनी आधी हार्टच्या तपासण्या केल्या, सगळं नॉर्मल. मग एका बाईंकडे पाठवलं, मानसोपचारतज्ज्ञ होत्या. त्यांनी अर्धा तास ऐकलं आणि आईला एकच विचारलं की यांच्यासाठी तुम्ही काय काय करणं सोडलं? आई सांगायला लागली, कुकर, फुगे, दिवाळी, आणि ती यादी संपेचना, सांगता सांगता ती स्वतःच थांबली. बाबा बाहेर बाकावर बसले होते. त्यांना आत बोलावलं.

तेव्हा पहिल्यांदा आमच्या घरात पीटीएसडी हा शब्द आला, म्हणजे जिवावरच्या प्रसंगानंतर मनाला जडणारं दुखणं. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या पुस्तकात तो 1980 सालीच आलेला, त्याच्या आधी पहिल्या महायुद्धात शेल शॉक म्हणायचे, व्हिएतनामहून परतलेल्या पुरुषांची तिकडे मोठी पाहणी झाली तेव्हा शंभरात पंधरा जणांना तो त्या वेळीही होता, म्हणजे लढाई संपून दहा-पंधरा वर्षांनी. हे मी नंतर रात्री जागून नेटवर वाचलं. आणि वाचता वाचता मला आई सापडली. स्टेफनी फ्रेडमन, कँडिस मॉन्सन ह्या संशोधकांनी जोडीदारांवरच काम केलं आहे, की अशा माणसाचा नवरा किंवा बायको त्याला त्रास नको म्हणून हळूहळू सगळं बदलत जाते, आवाज कमी, पाहुणे कमी, बाहेर जाणं कमी, विषय बंद, आणि जिथे हे जास्त होतं तिथे दुखणंही जास्त दिसतं, नातंही सुकलेलं दिसतं. कारण सोपं आहे. भीतीची गोष्ट टाळली की त्या क्षणी सुटल्यासारखं वाटतं, म्हणून माणूस पुन्हा टाळतो, आणि शिट्टी म्हणजे नुसती शिट्टी हे मनाला कधी कळायची वेळच येत नाही. 2012 मध्ये मॉन्सन यांनी 40 जोडप्यांवर केलेला अभ्यास छापून आला, दोघांना एकत्र बसवून उपचार केले तर त्रासही कमी झाला आणि नातंही सुधारलं.

मला राग आला होता वाचून, खरं सांगते. एवढं करून वर तुमच्या करण्यानेच वाढलं असं ऐकायचं का त्या बाईने? मी डॉक्टरबाईंना तसं बोलले पण. त्या म्हणाल्या, हे आईंचं चुकलं असं नाही, त्यांना एकटीला ठेवलं हे चुकलं. आणि मग त्यांनी आईला विचारलं, रात्री उठवता कशा? आईने सांगितलं, पायथ्याशी उभी राहते, हात नाही लावत, दिवा लावते, नाव घेते, कुठे आहे ते सांगते, तारीख सांगते. डॉक्टरबाई बघतच राहिल्या. हे तुम्हाला कुणी शिकवलं? कुणीच नाही. आम्ही हेच शिकवतो, त्या म्हणाल्या.

मी आईला याबद्दल नंतर एकदा विचारलं, मेथी निवडत होतो. अहो का नाही म्हटलंस, नावच का? तर म्हणाली, "पहिले अहोच म्हटलं ना मी. ऐकूच नाही आलं त्यायले. अहो तर सगळ्याच बायका आपल्या नवऱ्याले म्हणतात, त्यायले तिथं कसं समजन का मले बोलावून राहिली? मंग म्हटलं घ्या नाव, इथं कोण ऐकते." मग थोड्या वेळाने म्हणाली, "लाज वाटे पहिले पहिले." एवढी वर्षं आईने दोन्ही केलं, दिवसा भीतीला जागा करून दिली आणि रात्री त्यांना भानावर आणलं, आणि यातलं कुठलं औषध आहे आणि कुठलं नाही हे तिला कुणीही सांगितलं नाही.

कुकरची शिट्टी 2009 च्या जानेवारीत वाजली. ठरवून. रविवार, सकाळी दहा. डॉक्टरबाईंनी तीन महिने तयारी करून घेतली होती, आधी मोबाईलवर आवाज, मग शेजारच्या घरातला कुकर, मग आपला. बाबा स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसले, आई बाजूला, मी दारात, भाऊ माझ्या मागे. आईने गॅस लावला आणि येऊन बसली, वजन उचलायला गेली नाही, हात मांडीखाली दाबून बसली होती. पहिली शिट्टी झाली तेव्हा बाबांची मान झटकली, चेहरा पांढरा झाला, पण ते उठले नाहीत. दुसरी. तिसरीला आईच रडायला लागली. बाबांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि गॅस बंद करायला स्वतः उठले. दुपारी डाळ सगळ्यांनी दोनदा घेतली.

दिवाळीत आम्ही अजूनही काटोलला जातो, पण आता भावबीजेला, भाऊबहिणी भेटतात म्हणून. मैदानातला शॉर्टकट गेला, तिथे सिमेंट रोड झाला. बाबांनी तिकडे काय पाहिलं ते त्यांनी आईला सांगितलं आहे, एका पावसाळ्यात सलग काही रात्री. मला नाही सांगितलं, आईही सांगत नाही. मी विचारणं सोडलं आहे. टेलीमानस ही मनाच्या तब्येतीसाठीची सरकारी फोनसेवा आहे, तिची फौजींसाठी वेगळी सोय पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे फौजेच्या मेडिकल कॉलेजात, 2023 मध्ये सुरू झाली, 14416 ला फोन लावला की मराठीतही बोलता येतं, कुणाच्या घरात असेल तर बायकांनीसुद्धा लावावा, तो तुमच्यासाठीही आहे. हे मुद्दाम लिहिते आहे.

मागच्या ऑक्टोबरमध्ये आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, ती सात दिवस हॉस्पिटलमध्ये होती, भाऊ तिच्यापाशी आणि मी घरी बाबांपाशी. ऑक्टोबर त्यांना जडच जातो, आणि ती घरात नाही. तिसऱ्या रात्री आवाज आला. मी धावत गेले, दिवा लावला, पायथ्याशी उभी राहिले. बाबा म्हटलं. बाबा. पाच-सहा वेळा म्हटलं असेन, त्यांचे डोळे उघडे होते पण ते मला पाहत नव्हते, हात चादर चाचपून राहिले होते, जमीन चाचपावी तसे. मला चाळिशी उलटून गेली आहे आणि मी आयुष्यात बापाला नावाने हाक मारलेली नाही. मारली. तीनदा. नागपूर आहे हे. इंदोरा. तुम्ही घरी आहे. तारीख सांगितली, बुधवार सांगितला.

सकाळी सातला आईचा फोन आला, हॉस्पिटलमधून.

"रात्री झालं का काही?"

"हो."

"नाव घेतलं?"

"घेतलं."

"मंग?"

"उठले. पाणी मागितलं. मग तुझ्याबद्दल विचारलं, जेवली का म्हणून."

"सांग जेवली म्हणा," आई म्हणाली, आणि मग नर्स आली म्हणून तिने फोन ठेवला.